खपलीच्या मुळाशी



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त असतो, अर्थकारण असते, इतिहास आणि वाङ्मय असते. त्या यादीत यंदा कुत्र्याच्या अंगावरच्या खपल्या पाहून काही मंडळींना हसू आले असेल. त्यात गैर काही नाही. पण आज व्याख्यान संपवून घरी जाताना आपल्यापैकी निम्म्या लोकांना तरी वाटेत असे एक कुत्रे भेटेल की, ज्याच्या अंगावरचे केस झडले आहेत, कानांच्या कडा जाड झाल्या आहेत, कातडीवर करड्या खपल्यांचा थर बसला आहे आणि जे चार पावले चालून पुन्हा खाली बसते व खाजवू लागते. आपण त्याला 'लूत लागलेले कुत्रे' म्हणतो आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जातो. मुलांच्या हातांत दगड येतो. हॉटेलवाला उकळत्या पाण्याचे भांडे उचलतो. आणि हे सारे त्या गावात घडते, ज्या गावच्या कीर्तनात भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवरायांची गोष्ट ऐकून डोळे पुसले जातात, आणि ज्याच्या घराघरांतल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायांशी उभी असतात.

मी आज भूतदयेवर प्रवचन करणार नाही. मी गुरांच्या दवाखान्यातला माणूस. मला रोगाविषयी बोलायचे आहे. आणि माझे सांगणे एका वाक्यात मावते. ते असे की, ज्या रोगासाठी आपण कुत्र्याला सर्वांत जास्त हाकलतो, तो रोग कुत्र्याच्या कातडीच्या सर्व रोगांत सर्वांत खात्रीने बरा होणारा आहे. हे विधान पटावे म्हणून आधी खपली म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

खपली हा रोग नव्हे. कातडीला इजा झाली की तेथून लस पाझरते, कधी रक्त येते, कधी पू येतो. हे सारे केसांत आणि कोंड्यात मिसळून वाळते, त्याला आपण खपली म्हणतो. धूर दिसला म्हणजे कोठेतरी विस्तव आहे, एवढेच कळते. चूल पेटली आहे की गंजी, ते कळत नाही. खपलीचेही तसेच आहे. खपलीवर औषध लावत बसणे म्हणजे धुरावर पाणी मारणे होय.

कुत्र्याच्या कातडीविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, ती दिसते तितकी दणकट नसते. केसांचे पांघरूण असल्यामुळे निसर्गाने तिच्यात काटकसर केली आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे दहापंधरा थर धरले, तर कुत्र्याच्या अंगावर ते तीन ते पाचच भरतात. तिची आम्लताही आपल्या त्वचेहून कमी असते. म्हणून आपला अंगाचा साबण, मग कपड्यांचा तर दूरच, तिला मानवत नाही. दुसरी गोष्ट ही की, ही बाह्यत्वचा नवी होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. चार दिवस औषध दिले आणि 'गुण आला नाही' म्हणून सोडून दिले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

आता विस्तव कोठे आहे ते शोधू. प्रथम खरूज घेऊ, कारण रस्त्यावरच्या त्या कुत्र्याला बहुधा तीच झालेली असते.

खरजेचा किडा इतका बारीक की, तो अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. तो कीटक नव्हे. आठ पायांच्या कोळ्यांच्या कुळातला, गोचिडीचा भाऊबंद. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि जाता जाता त्यात अंडी घालते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचे चक्र दोनतीन आठवड्यांत पुरे होते. इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या खरजेतला हा किडा पाहिला, त्याचे चित्र काढले आणि खरूज रक्तातल्या बिघाडाने नव्हे तर या प्राण्याने होते असे लिहिले. अमुक एक रोग अमुक एका सूक्ष्म जिवामुळे होतो, असे दाखवून देणाऱ्या अगदी पहिल्या लेखांत त्याची गणना होते. परंतु सव्वातीनशे वर्षे लोटून गेली, तरी 'गोड खाल्ल्याने खरूज होते' असे आपण घरोघर सांगतोच. कुत्र्याला गूळ घालू नये, ते त्याच्या दातांना आणि पोटाला बरे नाही. पण गुळातून खरजेचा किडा निघत नाही.

ही खरूज ओळखावी कशी? ती कानांच्या कडांपासून, कोपरांपासून आणि मागच्या पायांच्या टाचांपासून सुरू होते. पोटाखाली व छातीवर पसरते. पाठीचा मधला भाग पुष्कळदा शेवटपर्यंत वाचतो. खाज विलक्षण असते; कुत्रे खाणे सोडून खाजवते. पशुवैद्य एक साधी परीक्षा करतात. कानाची पाळी दुमडून तिची कड कानाच्याच बुडाशी हलके चोळतात. खरूज असेल तर पुष्कळ कुत्री त्या क्षणी मागचा पाय हवेत हलवून खाजवू लागतात. या परीक्षेने रोग सिद्ध होत नाही, पण संशय बळकट होतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तरी किडा सापडतोच असे नाही. ते थोडे असतात आणि खोल बसलेले असतात. म्हणून संशय पक्का असला की, किडा दिसो वा न दिसो, शहाणा वैद्य उपचार सुरू करतो.

ही खरूज एका कुत्र्यापासून दुसऱ्याला सहज लागते. माणसालाही तिचा उपद्रव होतो. कुत्र्याला जवळ घेणाऱ्याच्या हातांवर, पोटावर खाजऱ्या पुळ्या उठतात. पण भिण्याचे कारण नाही. कुत्र्यावरचा हा किडा माणसाच्या अंगावर आपली वंशवेल वाढवू शकत नाही. कुत्रे बरे झाले की आपल्या पुळ्याही थोड्या दिवसांत जातात. माणसामाणसांत पसरणारी खरूज ही त्याच किड्याच्या निराळ्या प्रकाराची; तिला स्वतंत्र उपचार लागतात.

दुसरा एक किडा आहे, त्याची कथा अगदी वेगळी. त्याला डेमोडेक्स म्हणतात. तो लांबट, विडीच्या आकाराचा असून केसांच्या मुळाशी राहतो. पिलू दूध पिऊ लागते त्या पहिल्या दोनचार दिवसांतच तो आईच्या अंगावरून पिलाच्या अंगावर येतो आणि बहुतेक सर्व कुत्र्यांच्या अंगावर निमूटपणे नांदतो. एखाद्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती लंगडी पडली, तरच त्याचे फावते. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पुढच्या पंजांवर केस जाऊन टक्कल पडते. आरंभी खाज फारशी नसते. लहान पिलाला असे एकदोन चट्टे पडले, तर बहुधा ते आपोआप भरून येतात. सर्वांगावर पसरले, तर मात्र महिनोन् महिने औषध द्यावे लागते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण त्याकडे असणारा कल आईबापांकडून येतो. म्हणून ज्याला असा सर्वांगाचा रोग झाला, त्या कुत्र्यापासून पिले घेऊ नयेत. हजारो रुपये मोजून जातिवंत पिलू आणणाऱ्यांनी वंशावळीच्या कागदाबरोबर त्याच्या आईची कातडीही पाहून यावी.

यानंतर पिसवा आणि गोचीड. पिसवेच्या लाळेची ज्या कुत्र्याला बाधा होते, त्याला दोनचार चावेही पुरतात. तो कमरेवर, शेपटीच्या बुडाशी, मांड्यांच्या मागे इतका चावा घेतो की, तेथे लहान लहान खपल्यांची रांग उठते. मालक म्हणतात, 'पण डॉक्टर, पिसू एकही दिसली नाही!' दिसणार कशी? अंगावर असते ती केवळ मोठी पिसू. तिची अंडी खाली गळतात. अळ्या आणि कोश गोणपाटात, सतरंजीखाली, फरशीच्या फटींत वाढतात. कोशातली पिसू महिनोन् महिने थांबू शकते. उन्हाळ्याच्या सुटीत बंद ठेवलेले घर उघडले की पायांना पिसवा झोंबतात, तो याच सबुरीचा प्रताप. म्हणून कुत्र्याला औषध आणि त्याच्या अंथरुणाला गरम पाणी व कडक ऊन, अशी दोन्ही कामे बरोबरच करावी लागतात.

गोचीड फटींत राहते, भिंतीवर चढते, आणि रक्त पिऊन टम्म फुगलेली एक मादी काही हजार अंडी घालते. ती ओढताना घाईने तिचे तोंड कातडीत तुटून राहिले की तेथे गाठ आणि खपली धरते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. गोचिडीने होणारी जखम क्षुल्लक असते, पण तिच्याबरोबर रक्तातले रोग येतात. कुत्र्याने खाणे टाकले, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर कातडीचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

किड्यांनी दार उघडले की पाठोपाठ जिवाणू आत शिरतात. कुत्र्याच्या त्वचेवर एरवी मुकाट्याने राहणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू खाजवलेल्या जागी वाढतात. प्रथम पुळी येते, ती फुटते, आणि मध्ये केस गेलेला व कडेला पापुद्र्याचे कडे असलेला वाटोळा डाग उरतो. पुष्कळ जण त्याला गजकर्ण समजून मलम लावत बसतात. खरे गजकर्ण बुरशीचे. तेही कुत्र्याला होते, आणि ते माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, लागते. दोन्ही डाग वाटोळे, पण औषधे निराळी. म्हणून केस आणि पापुद्रे तपासून घेतल्यावाचून मलम लावू नये. पावसाळ्यात कातडी ओली राहिली की यीस्ट नावाची दुसरी बुरशी काखेत, कानांत, बोटांच्या बेचक्यात वाढते. तेलकट खपल्या आणि आंबूस वास ही तिची खूण.

राहता राहिली वावडी. जशी काही माणसांना धुळीने शिंक येते, तशी काही कुत्र्यांना घरातली धूळ, परागकण किंवा खाण्यातला एखादा पदार्थ बाधतो. फक्त ते शिंकत नाहीत, पंजे चाटतात. ही वावडी बहुधा जन्मभराची सोबत असते. ती आटोक्यात ठेवता येते, मुळातून उपटता येत नाही. थायरॉईड ग्रंथी मंदावली, जस्त कमी पडले, किंवा शरीर स्वतःच्याच त्वचेवर उलटले, तरीही खपल्या धरतात. ही कारणे विरळ. पण दोनदा नीट उपचार होऊनही खपल्या परतून आल्या, तर ती शोधावी लागतात.

आता उपचारांकडे वळू. प्रथम काय करू नये ते सांगतो, कारण रोगाने जितकी कुत्री दगावत नाहीत तितकी उपायांनी हालात पडतात.

गॅरेजमधले जळके ऑइल फासणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. केस चिकटल्यामुळे काही दिवस कुत्रे खाजवत नाही, म्हणून गुण आला असे वाटते. प्रत्यक्षात ते विष कातडीतून जाते आणि चाटून पोटात उतरते. रॉकेल कातडी भाजते आणि चाटताना श्वासात गेले तर फुप्फुसे सुजवते. फिनेल फरशीसाठी आहे. शेतातले कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणारेही आहेत. अशा आंघोळीनंतर तोंडाला फेस येऊन थरथरणारे कुत्रे पुष्कळदा दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. एके काळी बी. एच. सी. पावडर गोठ्यात, घरात सर्रास धुरळली जाई. तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. जुन्या डब्याच्या तळाशी ती उरली असेल, तर तिला हात लावू नये.

कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी निरुपद्रवी आहे, त्याने कातडीला थंडावा मिळतो. पण बोगद्यात बसलेल्या किड्याला ते पुरे पडत नाही. गंधकाची गोष्ट वेगळी. आपल्या वाडवडिलांनी खरजेवर गंधक वापरला तो अनुभवाने; चुना आणि गंधक यांचे नीट प्रमाणात केलेले द्रावण आजही पशुवैद्य वापरतात. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, एवढाच त्याचा दोष.

औषधांच्या दुकानातून माणसांचे मलम आणून लावणे हा शहरी उपाय. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज थांबते, मालक खूश होतो, आणि दडपलेल्या प्रतिकारशक्तीखाली किडे व बुरशी दुप्पट जोमाने वाढतात. खाज थांबवणाऱ्या इंजेक्शनाचेही तेच. योग्य रोगात ती उत्तम औषधे आहेत. निदानाआधी ती हट्टाने मागून घेऊ नयेत.

खरे औषध कोठून आले, याची हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७० नंतरच्या दशकात जपानच्या सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञाने एका गोल्फच्या मैदानाजवळची माती गोळा केली. तीत एक जिवाणू सापडला. अमेरिकेत विल्यम कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून परजीवींना मारणारे द्रव्य शोधले आणि त्यावरून आयव्हरमेक्टिन हे औषध तयार झाले. १९८१ मध्ये ते प्रथम जनावरांसाठी बाजारात आले, नंतर माणसांच्या नदी-अंधत्वावर रामबाण ठरले. आणि २०१५ साली ओमुरा व कॅम्बेल यांना, मलेरियावरील औषधासाठी तू यूयू या चिनी विदुषीबरोबर, नोबेल पारितोषिक मिळाले. मुठीएवढ्या मातीने गुरे, कुत्री आणि माणसे या तिघांचेही भले केले.

तरीही हे औषध आपल्या मनाने टोचू नये. कोली आणि त्याच्या नात्यातल्या मेंढपाळ कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष आढळतो. त्यामुळे मोठ्या मात्रेतले हे औषध मेंदूत शिरते आणि कुत्रे बेशुद्ध पडते. लहान पिलांनाही धोका असतो. गुरांसाठीची बाटली कुत्र्यासाठी वापरताना एका थेंबाचा हिशेब चुकला तरी मात्रा कितीतरी पटींनी वाढते. २०१३-१४ पासून आयसोक्साझोलिन वर्गातली नवी औषधे आली आहेत. त्यांची गोळी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे खाण्यातून दिली, तर पिसवा, गोचीड, खरजेचा किडा आणि डेमोडेक्स या चारींवर ती लागू पडते. फेफरे येणाऱ्या कुत्र्याला मात्र ती विचारपूर्वकच द्यावी. आणि घरात मांजर असेल तर ध्यानात ठेवा: कुत्र्यांच्या काही औषधांतले पर्मेथ्रिन मांजराला प्राणघातक ठरते.

घरी करण्याजोगे काम पुष्कळ आहे. खपल्या ओरबाडू नयेत. कोमट पाण्याने भिजवून मऊ कराव्या, म्हणजे त्या आपण होऊन सुटतात. पू असेल तर क्लोरहेक्सिडिन असलेल्या औषधी शांपूने आंघोळ घालावी, आणि तो लावून दहा मिनिटे थांबून मगच धुवावे. त्यानंतर अंग, विशेषतः बोटांची बेचके, नीट कोरडी करावीत. चाटणे थांबवायला गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा मिळतो, तो घालावा. पोटात द्यायच्या गोळ्या सांगितल्या असतील तितके दिवस पुऱ्या द्याव्यात. अर्ध्यावर सोडल्या तर मेलेल्या जिवाणूंच्या जागी औषधाला न जुमानणारे जिवाणू उरतात. घरात चार कुत्री असतील आणि खरूज एकाला असेल, तरी औषध चौघांनाही द्यावे.

आता पुन्हा रस्त्यावरच्या त्या कुत्र्याकडे येऊ. आपण पाहिले की, वावडी जन्मभर पुरते, डेमोडेक्सला महिने लागतात, ग्रंथींचे रोग शोधावेच लागतात. आणि खरूज? वजनाप्रमाणे औषधाच्या एकदोन मात्रा, आणि चारसहा आठवड्यांत त्या भेसूर कातडीवर लव उगवू लागते. दोन महिन्यांनी तेच कुत्रे ओळखू येत नाही. ज्याचे रूप सर्वांत किळसवाणे, त्याचाच रोग सर्वांत सोपा!

शिवाय हाकलण्याने साधते काय? हाकललेले कुत्रे नाहीसे होत नाही. ते पुढच्या आळीत जाते, तिथल्या कुत्र्यांशी अंग घासते, तिथल्या पडवीत झोपते आणि आपले किडे तेथे ठेवून येते. उपाशी राहिल्याने त्याची शक्ती आणखी घटते आणि रोग आणखी बळावतो. म्हणजे दगड मारून आपण रोग हाकलत नाही, तर तो घरोघर पोहोचवतो. १९६० च्या कायद्याने जनावरांना क्रूरपणे वागवणे हा गुन्हा ठरवला आहे, हे खरेच. पण कायदा बाजूला ठेवला, तरी निव्वळ स्वार्थाच्या हिशेबानेही औषध दगडापेक्षा स्वस्त पडते.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. लूत लागलेले कुत्रे म्हणजे पिसाळलेले कुत्रे नव्हे. कातडीवरून रेबीज ओळखता येत नाही, लूत भरल्यानेही नाही आणि कातडी तुकतुकीत असल्यानेही नाही. म्हणून कोणत्याही कुत्र्याचा चावा झाला, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. अनोळखी आजारी कुत्र्याला मुलांनी हात लावू नये, हेही तितकेच खरे. औषध देण्यासाठी हात लावावाच लागतो असे नाही.

प्रत्येक आळीत अशी एखादी आजी किंवा एखादा चहावाला असतोच की, ज्याच्या हातची भाकरी ते कुत्रे रोज खाते. त्याच भाकरीच्या घासात गोळी जाते. आळीतल्या दहा घरांनी थोडी थोडी वर्गणी काढावी, पशुवैद्याला कुत्रे दुरून का होईना दाखवावे, वजनाचा अंदाज घेऊन गोळी लिहून घ्यावी, आणि ती त्याच कुत्र्याच्या पोटात गेली ना, हे कोणीतरी उभे राहून पाहावे. पावसाळा तोंडावर आहे. ओल सुरू झाली की जखमांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. मग गोळीने भागत नाही. म्हणून हे काम मृगाच्या आधी उरकावे, अशी माझी सूचना आहे.

व्याख्यान ऐकून माणसाचे मत बदलते की नाही, याविषयी मतभेद आहेत. मला मत बदलायचे नाही. उद्या सकाळी आपल्या आळीतल्या त्या कुत्र्याच्या कानांच्या कडा दुरून एकदा पाहा, आणि जवळच्या गुरांच्या दवाखान्याची वेळ विचारून ठेवा, एवढेच मागणे आहे.